चालू होतंय पण बंदच होईना: प्रोटीनचा स्टार्टर कसा बनवतेत?

रिवाइंडिंगवाले, औसा

राम राम मंडळी. मोटार रिवाइंडिंगचं दुकान हाय माझं, शिक्षण आयटीआय वायरमन, त्यामुळं खालचा प्रश्न वाचून हसू नका. हसलात तरी चालंल पण उत्तर देऊन हसा.

बहिणीची पोरगी एम.एस्सी. बायोटेक करायली, प्रोजेक्टसाठी पुण्याला एका लॅबमधी हाय. महालक्ष्म्यांना घरी आली तर तोंड पाडून बसलेली. विचारलं तर म्हनली मामा माझं प्रोटीन बंदच होईना. मी म्हटलं कॉन्टॅक्टर चिकटला असंल. ती आधी हसली अन् मंग एकदम गप झाली, म्हनली मामा तसंच झालंय.

त्याच्यानंतर तिनं दोन तास सांगितलं, ताटातली पुरणपोळी गार झाली, पण मला निम्मं कळलं निम्मं डोक्यावरून गेलं. जेवढं कळलं ते असं की शरीरातली बहुतेक कामं प्रोटीन करतेत, अन् आता लोक कॉम्प्युटरवर नवंच प्रोटीन बनवायलेत जे कुठल्याच जिवात नव्हतं, अन् त्याला असं बनवतेत की एखादी खूण मिळाली, म्हणजे औषध म्हणा, उजेड म्हणा, साखर म्हणा, की ते चालू व्हावं अन् खूण गेली की बंद. म्हणजे मोटारीचा स्टार्टरच की हो, कॉईल कॉन्टॅक्टरला ओढून धरती तवर मोटार चालू, कॉईलची वीज गेली की स्प्रिंग त्याला सोडवती अन् मोटार बंद. मंग माझा प्रश्न एवढाच, त्याच्यात कॉईल कुठंय, स्प्रिंग कुठंय, अन् चिकटतंय कामून? पोरीला तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटायली.

झणझणीत ठेचा

प्रोटीन म्हणजे ते जिमवाले डब्यातून पितेत तेच ना? आमच्या रूममेटचं पण चालू झालं की बंद होत नव्हतं, रात्री खिडक्या उघड्या ठेवाव्या लागायच्या.

परभणीकर मास्तर

ठेचा, झालं का? आता जरा गप बसा, प्रश्न चांगला आहे.

रिवाइंडिंगवाले, स्टार्टरवालं प्रोटीन तुमच्या रक्तातच आहे, वेगळं बनवायची गरज नाही. हिमोग्लोबिन. त्याचे चार भाग असतात, एकाला ऑक्सिजन चिकटला की सगळ्या सांगाड्याचा आकार थोडा सरकतो आणि बाकीच्या तिघांना ऑक्सिजन धरणं सोपं जातं. फुफ्फुसात भरून घ्यायचं, पायाच्या पोटरीत सोडून द्यायचं, हे त्या आकार बदलण्यावर चालतं. एका जागी काही चिकटलं आणि दुसऱ्या जागचं काम बदललं, याला ॲलोस्टरी म्हणतात, १९६५ साली मोनो, वायमन आणि शांज्यू यांनी त्याचं गणित मांडलं. अकरावीच्या पोरांना मी हे शिकवतो पण लातूर पॅटर्नच्या नादात त्यांना फक्त एमसीक्यूपुरतं पाहिजे असतं, असो.

गोदाकाठ

मूळची नांदेडची, सध्या बंगळुरूत प्रथिनांवरच काम करते, त्यामुळे हा धागा बघून राहवलं नाही. मामा, (आता इथं सगळेच तुम्हाला मामा म्हणणार, तयारी ठेवा) तुमचा प्रश्न आमच्या लॅबमीटिंगमधल्या निम्म्या प्रश्नांपेक्षा बरा आहे.

प्रथिन म्हणजे मण्यांची माळ. मणी म्हणजे अमिनो आम्लं, २० प्रकारची. काही मणी तेलकट, पाण्याला भिणारे, काही पाण्यात रमणारे. माळ पाण्यात सोडली की तेलकट मणी आत दडी मारतात, बाकीचे बाहेर राहतात आणि माळेची एक ठराविक आकाराची गुंडी होते. आकार ठरला की काम ठरलं. कुठल्या क्रमाने मणी ओवले म्हणजे कुठला आकार येईल, हे उलटं गणित करून पूर्णपणे नव्या घडणीचं प्रथिन पहिल्यांदा बनलं २००३ ला, ९३ मण्यांचं, नाव टॉप७, सिॲटलच्या डेव्हिड बेकर यांच्या लॅबमधून. पण ते दगडासारखं, एकाच आकारात बसून राहणारं. हलणारं, ऐकणारं प्रथिन बनवायला अजून बरीच वर्षं गेली.

आता तुमची कॉईल आणि स्प्रिंग. २०१९ ला त्याच गटाने आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या लोकांनी मिळून लॉकर नावाची रचना काढली. सहा पिळांची (पीळ म्हणजे माळेचा मळसूत्रासारखा वळलेला तुकडा) जुडी समजा, शेवग्याच्या शेंगांची पेंडी बांधतात तशी. पाच पीळ म्हणजे पिंजरा. सहावा पीळ म्हणजे कडी, तो पिंजऱ्याला चिकटून बसलेला, आणि त्या कडीच्या आतल्या बाजूला खरं कामाचं टोक लपवलेलं. कडी लागलेली आहे तोवर टोक झाकलेलं, काम बंद. मग बाहेरून एक सुटा पीळ येतो, ती किल्ली. किल्ली पिंजऱ्याला कडीपेक्षा जास्त घट्ट बसते, कडीला ढकलून बाहेर काढते, टोक उघडं पडतं, काम चालू.

म्हणजे कडी आणि पिंजऱ्याची पकड ही तुमची स्प्रिंग, आणि किल्ली ही कॉईल.

रिवाइंडिंगवाले, औसा

आता डोक्यात घुसलं बघा. म्हणजे स्प्रिंग लई कडक असली तर कॉईल नुसती हूं हूं करत बसती, ओढत नाही. अन् स्प्रिंग ढिली असली तर वाऱ्यानं पण लागंल. आमच्याकडं लोकं व्होल्टेज कमी यायलंय म्हणून स्प्रिंग ताणून ढिली करतेत, मंग कॉन्टॅक्टर ओढतो मस्त पण लाईट गेली की सुटत नाही, रात्री लाईट आली की मोटार आपोआप चालू अन् विहिरीत पाणी नसतं. मंग सकाळी जळालेली मोटार घेऊन माझ्याकडं. माझं घर त्याच्यावरच चालतंय म्हणा.

गोदाकाठ

मामा तुम्ही आत्ता जे लिहिलंत ना, ते या विषयातलं सगळ्यात अवघड दुखणं आहे. चालू करणं तुलनेने सोपं. बंद असताना खरंच बंद ठेवणं अवघड. आम्ही त्याला लीक म्हणतो, गळती.

तुमच्या स्टार्टरपेक्षा एक भानगड इथे जास्त आहे. तुमचं पॅनल भिंतीवर स्थिर असतं. प्रथिन पेशीत कधीच स्थिर नसतं, पाण्याचे रेणू चारी बाजूंनी त्याला सतत धडका देत असतात. उसाच्या ट्रॉलीत स्टार्टर ठेवलाय आणि ट्रॉली खड्ड्याखड्ड्याच्या रस्त्याने चाललीय असं समजा. त्यामुळे कडी अधूनमधून आपोआप उघडतेच, आणि "चालू किंवा बंद" असं एका रेणूपुरतं बोलण्यात फार अर्थ नाही, हजार रेणूंमधले या क्षणी किती उघडे एवढंच विचारायचं.

याचा हिशोब आहे आणि तो क्रूर आहे. खोलीच्या तापमानाला बंद अवस्था उघड्यापेक्षा १.४ किलोकॅलरी प्रति मोल एवढ्या ऊर्जेने स्वस्त असली की बंद-उघड्याचं प्रमाण दहास एक. २.८ असली तर शंभरास एक. ४.२ असली तर हजारास एक. आता सबंध प्रथिन एकत्र धरून ठेवणारी ऊर्जाच साधारण ५ ते १५ किलोकॅलरीच्या घरात असते. म्हणजे एखादा मणी चुकीचा बसला, एखादा हायड्रोजन बंध कमी पडला, की हजारातला एक गळणारा स्विच हजारातले दहा गळायला लागतो. आणि गळती थांबवायला कडी जास्त घट्ट केली तर किल्लीला ती हलत नाही. किल्लीची ताकद वाढवायची म्हटलं तर किल्ली एकदा बसली की निघत नाही. तिन्ही बाजूंनी ओढाताण. भाचीला माझ्याकडून सहानुभूती सांगा.

खवट

एवढं काय त्यात. २०२४ चं नोबेल मिळालं ना या लोकांना, एआय सगळं करतंय आता. सिक्वेन्स टाका, एंटर दाबा, स्ट्रक्चर समोर. पोरीला जमत नसेल तर सॉफ्टवेअर नीट वापरत नसेल. उगाच काहीतरी गूढ करून सांगायचं.

गोदाकाठ

नोबेल दोन वेगळ्या कामांना होतं. अर्धं बेकर यांना नवीन प्रथिनं रचण्यासाठी, आणि उरलेलं अर्धं हसाबिस आणि जंपर यांना अल्फाफोल्डसाठी, म्हणजे दिलेल्या माळेचा आकार ओळखण्यासाठी. अल्फाफोल्ड भारी आहे, मी रोज वापरते. पण ते तुम्हाला बहुतेक वेळा एकच फोटो देतं. स्विचला दोन फोटो लागतात, आणि दोन्हीच्या मधला चढ किती ते कळावं लागतं. पंख्याचा बंद असतानाचा फोटो बघून तो फिरताना डुगडुगतो का ते सांगता येईल का?

नव्या प्रथिनाचा सांगाडा काढणारं आरएफडिफ्यूजन २०२३ ला आलं, त्याच्या आदल्या वर्षी त्या सांगाड्यावर मणी ओवून देणारं प्रोटीनएमपीएनएन आलं. दोन्ही फुकट आहेत, कॉलेजची पोरं ऑनलाईन उधारीच्या जीपीयूवर, म्हणजे ताकदवान कॉम्प्युटर चिपवर, चालवतात. २०२३ लाच बिजागरीसारखी दोन आकारांत हलणारी प्रथिनंपण रचली गेली, दोन्ही आकार आधीच ठरवून. म्हणजे काम वेगात चाललंय हे खरं. पण स्क्रीनवरच्या डिझाईनमधून बाटलीतल्या प्रथिनापर्यंत जाताना त्यातले किती बाद होतात हे स्वतः करून बघितल्याशिवाय कळत नाही.

परभणीकर मास्तर

एक आपल्याकडची गोष्ट घुसडतो. माळेतल्या प्रत्येक मण्याला किती कोनात वळता येतं आणि कुठले कोन अशक्य, याचा नकाशा १९६३ साली मद्रासला जी. एन. रामचंद्रन, रामकृष्णन आणि शशिशेखरन यांनी काढला. रामचंद्रन प्लॉट. आजही जगात कुणीही प्रथिनाची रचना सादर केली की आधी त्या नकाशावर तपासतात. खवट, एंटर दाबायच्या आधी हा पाया होता.

कडवंचीचा द्राक्षवाला

सगळं वाचलं. डोकं गरगरलं पण मजा आली. माझा सरळ प्रश्न, याचा शेतकऱ्याला काय फायदा? आमच्या जालन्याकडं पावसाचा खंड पडला की वीस वीस दिवस आभाळाकडं बघत बसायचं. झाडाला काही स्विच बसतो का, पाणी कमी पी म्हणून सांगायला?

गोदाकाठ

दादा, बसतो. आणि ही गोष्ट मला या सगळ्या विषयात सगळ्यात जास्त आवडते.

पाणी कमी पडलं की झाड स्वतःच ॲबसिसिक ॲसिड नावाचं संप्रेरक तयार करतं. पानातलं एक प्रथिन, पीवायआर१ म्हणतात, ते त्याला धरतं. त्या प्रथिनाला एक खिसा असतो आणि खिशाच्या तोंडाशी दोन पट्ट्या, शास्त्रज्ञांनी त्यांची नावंच गेट आणि लॅच ठेवलीत, फाटक आणि कडी. संप्रेरक खिशात बसलं की फाटक मिटतं, मिटलेलं फाटक दुसऱ्या एका प्रथिनाला जाऊन अडकतं आणि त्याचं काम बंद पाडतं, आणि शेवटी पानावरची छिद्रं बंद होतात, बाष्प उडायचं थांबतं. मग हे संप्रेरकच फवारायचं ना? तर ते महाग पडतं आणि उन्हात टिकत नाही.

म्हणून कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडच्या शॉन कटलर यांच्या गटाने उलटा विचार केला. नवीन औषध शोधण्याऐवजी झाडाचं कुलूप बदलायचं, असं की बाजारात आधीच मिळणाऱ्या औषधाने ते उघडावं. त्यांनी पीवायआर१ मधले सहा मणी बदलले आणि ते प्रथिन मँडिप्रोपामिड नावाच्या फवारणीच्या औषधाला ओळखायला लागलं. २०१५ ला छापून आलं. अशी बदललेली टोमॅटोची आणि मोहरीच्या कुळातल्या एका प्रयोगशाळेतल्या रोपाची झाडं, त्यांच्यावर मँडिप्रोपामिड फवारलं की छिद्रं मिटायची आणि पाण्याचा ताण जास्त सोसायची.

कडवंचीचा द्राक्षवाला

थांबा थांबा. मँडिप्रोपामिड? २३.४ टक्के एससी? अहो ते आम्ही द्राक्षावरच्या डाउनीला, म्हणजे केवडा रोगाला, फवारतो! माझ्या शेडमधी आत्ता अर्धी बाटली पडलीय. मग माझा बाग काय छिद्रं मिटून बसलाय का इतके दिवस?

गोदाकाठ

हाहा, नाही दादा. तुमच्या वेलीतलं प्रथिन मूळचं आहे, त्याला मँडिप्रोपामिड ओळखू येत नाही. तुमच्याकडे किल्ली आहे, कुलूप नाही. म्हणून तर ते औषध निवडलं, साध्या झाडावर त्याचा तसा काही परिणाम नाही.

पण फुकट काहीच नसतं हेही सांगते. छिद्रं मिटली की पाणी वाचतं, पण त्याच छिद्रातून कार्बन डायऑक्साइड आत येतो, म्हणजे वाढपण थांबते. खंडाच्या दिवसांत जीव धरून ठेवायला ठीक, आठवड्यामागून आठवडे असं ठेवलं तर उत्पादनाला फटका. आणि अजून एक, तुम्ही डाउनीसाठी फवारलं आणि वेल बदललेली असली तर रोग राहिला बाजूला, छिद्रं आधी मिटणार. एका खुणेचे दोन अर्थ झाले की गोंधळ.

त्याच गटाने पुढे हेच कुलूप वेगवेगळ्या किल्ल्यांसाठी बदलत नेलं. २०२३ ला असं रोप दाखवलं की बंदी घातलेलं एक कीटकनाशक, अझिनफॉस-इथाइल, त्याचा अंश लागला की रोप बिटासारखं लाल होतं.

खवट

म्हणजे शेवटी जीएमच, जनुकं बदललेलं पीक. बीटी कापसाने काय दिवे लावले ते मराठवाड्याला विचारा. २००२ ला आलं, सुरुवातीला फवारण्या कमी झाल्या, कबूल, अन् मग २०१७ ला शेंदरी बोंडअळीनं बोंडं पोखरून काढली. हे स्विचवालं पण तसंच होणार.

गोदाकाठ

खवट, या खेपेला मुद्दा बरोबर आहे. आणि गंमत म्हणजे बीटीचं प्रथिनपण मुळात खूण ओळखणारंच आहे. ज्या जिवाणूतून ते कापसात आणलं, त्यात ते निपचित स्फटिक असतं. अळीने खाल्लं की तिच्या आतड्यातल्या अल्कधर्मी रसात ते विरघळतं, तिचीच पाचकं त्याची शेपटी छाटतात, मग ते जागं होतं आणि आतड्याच्या पेशींवरच्या ठराविक खुंटीला अडकून भोक पाडतं. आपल्या जठरात रस आम्लधर्मी आणि आतड्यात ती खुंटी नाही. अळीने काय केलं, खुंटीच बदलली. एका खुणेवर विसंबलेलं काहीही असो, समोरचा जिवंत असला की तो कधीतरी ती खूण बदलतोच.

फक्त एक फरक लक्षात घ्या. बीटीचं प्रथिन स्विच नाही, एकदा छाटलं की परत मिटत नाही.

रिवाइंडिंगवाले, औसा

म्हणजे फ्यूज. उडाला की उडाला.

गोदाकाठ

अगदी. फ्यूज. आणि फ्यूजचीही गरज असते.

अंबाजोगाईचा डॉक्टर

उशिरा आलो, ओपीडी संपवून. फ्यूजचं उदाहरण माझ्याकडे आहे. रक्ताच्या कॅन्सरमध्ये पेशंटच्याच पांढऱ्या पेशी काढून त्यांना नवीन रिसेप्टर, म्हणजे खूण ओळखणारं प्रथिन, बसवून परत सोडतात, कार-टी. आपल्याकडे आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेल्या नेक्सकार१९ ला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली. या पेशी कधीकधी एवढ्या पेटतात की पेशंटच धोक्यात येतो. अशा बाहेरून दिलेल्या पेशींसाठी एक आत्मघाती प्रथिन काढलेलं आहे, कॅस्पेज-९ चं बदललेलं रूप. एका छोट्या औषधाने त्याच्या जोड्या जुळतात आणि पेशी स्वतःला संपवते. २०११ च्या एका अभ्यासात बोनमॅरो ट्रान्सप्लांटनंतर दिलेल्या तशा टी पेशींपैकी ९० टक्क्यांहून जास्त पेशी औषधाच्या एका डोसने अर्ध्या तासात गेल्या. मेन फ्यूज म्हणा.

पण मला खरी ओढ आहे ती इन्सुलिनची. आमच्याकडचे ऊसतोडीला जाणारे पेशंट डोळ्यासमोर आणा. पहाटे इन्सुलिन टोचलं, मुकादमाने हाक दिली, जेवण दुपारी दोनला नाहीतर नाहीच, फडात साखर खाली गेली की माणूस कोसळतो. फ्रीज नाही, इन्सुलिन माठाजवळ ओल्या फडक्यात. त्यांना मी डोस कसा लिहून देऊ? कमी लिहिला तर साखर ३५०, बरोबर लिहिला तर फडात चक्कर. दर वर्षी हेच.

ऑक्टोबर २०२४ मध्ये नोव्हो नॉर्डिस्कच्या लोकांनी एक इन्सुलिन प्रसिद्ध केलं. ५१ अमिनो आम्लांचं ते नेहमीचं इन्सुलिनच, पण त्याला एका ठिकाणी साखर पकडणारं कडं जोडलं आणि दुसऱ्या ठिकाणी साखरेसारखा एक तुकडा. रक्तात साखर कमी असली की तो तुकडा कड्यात अडकून बसतो, इन्सुलिन मिटलेलं, काम मंद. साखर वाढली की खरी साखर त्या तुकड्याला ढकलून कड्यात बसते, इन्सुलिन मोकळं, काम जोरात. उंदीर आणि डुकरांमध्ये तपासलंय, माणसात यायचं आहे. साखर ३ वरून २० मिलिमोलवर गेली, म्हणजे आपल्या भाषेत ५४ वरून ३६०, तेव्हा इन्सुलिनची पेशीवरच्या खुंटीवरची पकड साधारण तिप्पट झाली.

रिवाइंडिंगवाले, औसा

डॉक्टरसाहेब हे तर फ्लोट झालं, टाकीतलं. पाणी वर आलं की मोटार बंद, खाली गेलं की चालू. पण फक्त तिप्पटच का? माझा फ्लोट म्हणजे पूर्ण बंद नाहीतर पूर्ण चालू.

अंबाजोगाईचा डॉक्टर

हाच प्रश्न मीपण वाचताना मार्जिनमध्ये लिहिला होता. गोदाकाठताई सांगतील. मला वाटतं इथे पूर्ण बंद नकोच आहे, थोडं इन्सुलिन उपाशीपोटीही लागतं.

गोदाकाठ

डॉक्टर, बरोबर. मामा, तुमचा फ्लोट एका पातळीला खटकन पडतो. एकच साखर आणि एकच कडं असलं की उतारच मिळतो, खटका मिळत नाही. खटका पाहिजे असेल तर मास्तरांच्या हिमोग्लोबिनसारखं चार भाग एकमेकांना ओढणारे लागतात. इन्सुलिनला उतार चालतो, पंख्याच्या रेग्युलेटरसारखा.

बाकी गळतीच्याच गोष्टीवर लोकांनी अजून एक मार्ग काढला. एका खुणेवर उघडायचंच नाही, दोन खुणा एकाच पेशीवर दिसल्या तरच. २०२० ला त्या लॉकरचंच पुढचं रूप आलं, पिंजरा एका खुणेला धरतो, किल्ली दुसऱ्या खुणेला धरते, दोन्ही एकाच पेशीवर शेजारी शेजारी आल्या तरच किल्ली कडीपर्यंत पोचते. कॅन्सरच्या पेशीवर दोन्ही, निरोगी पेशीवर एकच. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात ना, मॅनेजरची आणि आपली.

आणि बंद करण्याबद्दल. घट्ट धरणारं प्रथिन लवकर सोडत नाही, हे आम्ही सगळे नियम म्हणून मान्य करून बसलो होतो. २०२५ मध्ये बेकर यांच्याच गटाने असं प्रथिन रचलं की तिसरा रेणू येऊन बसला की त्याचा आकार ताणला जातो आणि घट्ट पकड झटक्यात सुटते. मी तो पेपर वाचून चहा प्यायला उठले आणि चहा विसरले.

झणझणीत ठेचा

मी विनोद करायला आलो होतो, दोन तास वाचत बसलोय. एक शंका, उजेडाने चालणारं पण असतं म्हणे?

परभणीकर मास्तर

खिडकीतलं रोप उजेडाकडे वाकतं ना, त्यामागे फोटोट्रॉपिन नावाचं प्रथिन. ओट्सच्या रोपातला त्याचा एक तुकडा लोक सर्रास वापरतात, निळा उजेड पडला की त्याचा एक पीळ सुटतो, अंधार केला की मिनिटभरात परत बसतो. त्या पिळाला कुठलंही काम बांधा. यात बंद करायला काही टाकावं लागत नाही, दिवा मालवला की झालं.

गोदाकाठ

मामा, मूळ मुद्द्यावर येते, भाचीचं काय बिघडलंय? तिने तुलनेसाठी दोन नमुने चालवले का विचारा. एक, कडीवर कामाचं टोक नसलेलं प्रथिन, ते कायम बंद दिसायला पाहिजे. दुसरं, नुसतं टोक, पिंजऱ्याशिवाय, ते कायम चालू. ही दोन टोकं माहीत नसतील तर मधलं काय ते कळणार नाही.

रिवाइंडिंगवाले, औसा

म्हणजे आधी टेस्ट लॅम्प तपासायचा. आमच्याकडं नवीन पोरगं कामाला आलं की पहिले पंधरा दिवस हेच होतं, टेस्ट लॅम्पच खराब अन् मोटार खोलून बसतंय. आज रात्री फोन लावतो.

गोदाकाठ

आणि हेही विचारा की इकोलाय जिवाणूमध्ये प्रथिन बनवताना आयपीटीजी, म्हणजे चालू करायची खूण, टाकायच्या आधीच किती बनत होतं. आम्ही सगळे रोज जो स्विच वापरतो ना, लॅक, त्या जिवाणूतला दुधातल्या साखरेवर चालणारा जीनचा स्विच, १९६१ ला जेकब आणि मोनो यांनी मांडलेला, तोसुद्धा गळतो. स्विच बनवायला गळका स्विच वापरतो आम्ही.

रिवाइंडिंगवाले, औसा (चार दिवसांनी)

मंडळी, अपडेट. पोरीला फोन केला, म्हटलं तुझा टेस्ट लॅम्प बरोबर हाय का? म्हनली मामा हे तुला कुणी सांगितलं. मी म्हटलं नांदेडच्या एक ताई हायत.

तिनं ते टोक नसलेलं प्रोटीन लावून बघितलं तर ते पण चालू दाखवायलं! जे कायम बंद पाहिजे ते. म्हणजे ती ज्या प्लास्टिकच्या प्लेटमधी मोजायली त्या प्लास्टिकलाच तिचं चमकणारं प्रोटीन (चमक बघूनच ती चालू-बंद मोजती) चिकटून बसायलं होतं. मी पहिल्या दिवशी म्हटलं होतं का नाही चिकटलंय म्हणून? तिच्या मॅडमनी कसलंतरी साबणासारखं थेंबभर टाकायला सांगितलं, तर निम्मी गळती गेली. राहिलेली निम्मी खरी हाय, त्याच्यासाठी कडी घट्ट करायली, तीन वेगवेगळ्या कड्या ऑर्डर केल्यात, जीन बनून यायला वेळ लागतो म्हणं. दिवाळीला घरी येईल तेव्हा कळंल. एक कडी लई घट्ट मागवलीय, मी म्हटलं ती हूं हूं करंल.

गोदाकाठ

वा! लई घट्ट असलेलीपण मोजायला सांगा, टाकून देऊ नका. कुठे अडकतं ते कळलं की मधलं कुठे धरायचं ते कळतं.

कडवंचीचा द्राक्षवाला

मामा अवांतर विचारतो, राग मानू नका. माझ्या साडेसातच्या मोटारीचा स्टार्टर खरंच हूं हूं करायलाय, दोन दिवस झाले. कॉईल बदलू का स्प्रिंग?

रिवाइंडिंगवाले, औसा

दोन्ही नका बदलू. रात्रीच्या लाईटीला तिन्ही फेजचं व्होल्टेज मोजा अन् इथंच टाका. अन् मीटर आधी घरच्या सॉकेटला लावून बघा.